मी कुठे झोपलो होतो!

साठी उलटलेल्या माणसाला काहीही म्हणा. केस विरळ झालेत म्हणा, ऐकायला कमी येतं म्हणा, तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगताय म्हणा. तो हसून सोडून देईल. फक्त "काल रात्री तुम्हाला मस्त झोप लागली होती हं" असं म्हणू नका. हा आरोप समजला जातो, आणि आरोपी ताबडतोब उसळून म्हणतो, "मी कुठे झोपलो होतो!"

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत गेटजवळ सिमेंटची तीन बाकं आहेत. त्यांना कट्टा म्हणायचं. सकाळी तिथे ज्येष्ठांची हजेरी लागते आणि पहिला विषय कालच्या जागरणाचा निघतो. "मला दोनला डोळा लागला." "दोनला? नशीबवान आहात. मी तीनचे ठोके ऐकले." ठोके कुठले ऐकले हे कोणी विचारत नाही; ठोके देणारं घड्याळ सोसायटीत एकाच्याही घरी उरलेलं नाही. बी विंगमधल्या माई सगळ्यात शेवटी येतात, सगळ्यांचं ऐकून घेतात आणि सगळ्यात शेवटी बोलतात. "माझा बाई रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पहाटे शेजाऱ्यांचा रेडिओ लागला तेव्हा दचकून जागी झाले." जी बाई झोपलीच नाही ती दचकून जागी कशी झाली, हा प्रश्न फक्त मास्तरांना पडतो. मास्तर म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक. पण तेही गप्प राहतात. माईंना आज अडवलं तर उद्या माई त्यांना अडवतील.

या चढाओढीत एकच माणूस रोज हरतो, ते म्हणजे आमचे हे. कारण त्यांच्याविरुद्धची साक्षीदार शेजारीच बसलेली असते. हे म्हणतात, "अडीचला जाग आली ती आली, मग उजाडेपर्यंत टक्क जागा." मी म्हणते, "अहो, चार वाजता तुमच्या घोरण्यानं मी उठून बसले." त्यावर यांचं उत्तर ठरलेलं आहे: "मी घोरत होतो, पण जागा होतो."

मोठ्या मनानं सांगते, शास्त्र या बाबतीत थोडं यांच्या बाजूचं आहे. प्रयोगशाळेत डोक्याला तारा लावून झोप मोजली, तर माणूस स्वतः सांगतो त्यापेक्षा पुष्कळदा जास्त झोपलेला निघतो. तरी त्याची तक्रार खोटी नसते. वय वाढतं तशी गाढ झोप आटत जाते. उरते ती वरवरची, मधूनमधून तुटणारी. त्यात घोरणं मध्येच बंद पडून मग एकदम गुदमरल्यासारखा श्वास ओढला जात असेल, तर त्या माणसाची झोप रात्रीतून कित्येकदा मोडते आणि त्याचा त्याला पत्ताही नसतो. हा स्लीप अॅप्निया. त्याची तपासणी करून घ्यायला हवी हे मी यांना सांगितलंय. तपासणी करू म्हणाले. पण त्याआधी कट्ट्यावर तीन दिवस हा शब्द वापरून घेतला.

झोपेचा विषय आटपला की कोणाच्या तरी थर्मासमधला चहा फिरतो आणि दुसरा विषय निघतो, गुडघा. डावा की उजवा, आतून की बाहेरून, ठणका की चमक, जिना चढताना की उतरताना. गेली कित्येक वर्षं हा क्रम असाच आहे: आधी झोप, मग चहा, मग गुडघा. काल सगळ्यात कमी झोपलेला माणूस आज सगळ्यात जास्त लंगडत आला, हे तिन्ही बाकांवरून स्वच्छ दिसतं. पण चहाच्या अलीकडची गोष्ट आणि पलीकडची गोष्ट यांची सांगड अजून कोणी घातलेली नाही. जन्मभर पोरांना समीकरणं शिकवलेल्या मास्तरांनीसुद्धा नाही.

कारण गुडघा दुखला की संशयितांची यादी तयारच असते. पहिला संशयित पावटा. त्याच्या खालोखाल वाल, कोबी, बटाटा आणि सुनेनं केलेली कुठलीही नवी गोष्ट. दुसरा संशयित ढग. "सांधे बोलतायत, पाऊस येणार" हे वाक्य ऐकलं नाही असं मराठी घर नसेल. १९९६ साली रेडेलमायर आणि ट्वर्स्की या दोघा संशोधकांनी ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या १८ रुग्णांच्या वेदना १५ महिने हवामानाशी ताडून पाहिल्या. संबंध निघाला नाही. रुग्णांचा विश्वास मात्र तसूभर ढळला नाही. पुढे २०१९ मध्ये मँचेस्टर विद्यापीठानं २,६५८ लोकांनी मोबाइलवर रोज नोंदवलेलं दुखणं तपासलं, तेव्हा दमट हवा, वारा आणि हवेचा कमी दाब यांच्याशी थोडासा संबंध दिसला. थोडासाच. आता दमट हवेवर ठपका ठेवायचा, तर आमच्याकडे कोरडी हवा शोधायला घाट चढून जावं लागतं, आणि घाट चढायला पुन्हा गुडघेच लागतात.

या यादीत झोपेचं नाव कधी येत नाही. आणि का यावं? पावट्याचा दोष सुनेकडे जातो, ढगाचा देवाकडे. झोपेवर ठपका ठेवला की दुपारी किती वेळ लोळला होतात, असा प्रश्न येतो.

डॉक्टरही विचारत नाहीत. आमचे हाडांचे डॉक्टर वयानं माझ्या मुलाहून लहान आहेत, मला आजी म्हणतात आणि विचारतात, "आजी, दुखणं शून्य ते दहामध्ये किती?" या प्रश्नानं आमच्या पिढीची फार पंचाईत होते. पहिली गोष्ट, डॉक्टरांसमोर बसल्यावर दुखणं थांबलेलं असतं. दुसरी गोष्ट, दहापैकी दहा सांगितले तर ऑपरेशन सांगतील आणि चार सांगितले तर हाकलून देतील. माईंनी विचारलं होतं, "पास व्हायला किती लागतात?" आमचे हे निवृत्त ऑडिटर. त्यांनी सांगितलं, "बसलेला असताना चार, उठताना आठ, जिन्यावर साडेनऊ. भारित सरासरी काढू का?" डॉक्टरांनी सात लिहिलं. मग एक्स-रे दिव्यासमोर धरून म्हणाले, "गॅप कमी झालीय." हे वाक्य ऐकलं की घरी फोन करून सांगायचं असतं, वंगण संपलं म्हणून. खरं तर झिजते ती हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा. पण कूर्चा झिजली म्हणून सांगितलं तर नणंदेला कळत नाही, वंगण संपलं म्हटलं की ती लगेच रडायला लागते.

एक्स-रेची एक गंमत मात्र ऐकण्यासारखी आहे. त्यातली झीज आणि प्रत्यक्षातलं दुखणं यांचा मेळ बसतोच असं नाही. मास्तरांचा एक्स-रे माझ्याहून वाईट आहे आणि ते रोज गणेश मंदिरापर्यंत चालत जाऊन येतात. माझी झीज मध्यम, आणि मी पहिल्या मजल्यावर पोचेपर्यंत कठड्याशी चार वेळा बोलते. हा फरक मांडीच्या स्नायूंचा असतो, वजनाचा असतो, मनाच्या उभारीचा असतो आणि झोपेचाही असतो. मास्तर रात्री साडेदहाला पडतात आणि साडेपाचला उठतात. कट्ट्यावर अर्थात हे कबूल करत नाहीत. त्यांच्या सूनबाईंनी लिफ्टमध्ये सांगितलं.

झोप मोडली तर अंग दुखतं, याचा एक जुना पुरावा टोरांटोचा आहे. १९७५ साली हार्वे मोल्डोफ्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धडधाकट तरुण विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत झोपवलं आणि त्यांना गाढ झोप लागू लागली, की आवाज करून ती मोडायची असा सपाटा काही रात्री लावला. ना सांधेदुखी, ना म्हातारपण, तरी त्या पोरांचं अंग दुखायला लागलं आणि ती चिडचिडी झाली. नीट झोपू दिल्यावर पुन्हा ठणठणीत. हाच प्रयोग आमच्या गल्लीत भटकी कुत्री, वरातीचा बँजो आणि वरच्या मजल्यावर रात्री बाराला खुर्च्या सरकवणारं कुटुंब मिळून करतात, तेही कोणाकडून अनुदान न घेता. तसे २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत: रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार सणासुदीला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं. या पंधरा दिवसांबद्दल गुडघ्यांचं मत कोणी घेतलं नव्हतं. नवरात्रात मात्र घ्यावं.

जॉन्स हॉपकिन्सच्या मंडळींचा २००७ सालचा प्रयोग तर त्यांनी आमच्या बेडरूममध्येच केला असावा असा मला संशय आहे. निरोगी बायकांच्या एका गटाला त्यांनी रात्रीतून पुन्हा पुन्हा उठवलं. दुसऱ्या गटाला एकूण झोप तेवढीच कमी दिली, पण सलग दिली. तुकड्यातुकड्यांनी झोपलेल्या बायकांमध्ये, वेदना दाबून टाकायची शरीराची स्वतःची जी ताकद असते, ती घसरली. सलग झोपलेल्यांची तशी घसरली नाही. म्हणजे किती झोपलात याइतकंच, किती वेळा उठवलं गेलात हेही महत्त्वाचं.

आमच्याकडे उठवणं कसं होतं ते सांगते. यांना प्रोस्टेटमुळे रात्री उठावं लागतं. हे उठतात, चप्पल पायानं चाचपतात, सापडत नाही म्हणून दिवा लावतात. दिव्यानं मी जागी होते. "झोप तू," असं हे मोठ्यानं म्हणतात. मग फ्लश, मग पाणी पिणं, म्हणजे पुढच्या फेरीची तयारी. यातली एक फेरी डॉक्टरांनीच कमी केली. यांची रक्तदाबाची, लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळची होती, ती त्यांनी सकाळची करून दिली. गोळी तीच, फक्त तिची वेळ पूर्वी कोणी विचारली नव्हती.

बर्कलीच्या संशोधकांनी २०१९ मध्ये आणखी पुढची पायरी गाठली. निरोगी तरुणांना रात्रभर जागं ठेवलं आणि त्यांच्या पायाला सोसवेल न सोसवेल अशी उष्णता देत मेंदूचं स्कॅनिंग केलं. वेदना नोंदवणारा भाग नेहमीपेक्षा जास्त खवळलेला दिसला, आणि तिची किंमत ठरवून तिला आवर घालणारे भाग मंदावलेले. मी हे कट्ट्यावर समजावून सांगितलं ते आमच्या रखवालदाराच्या रूपानं. तो ताजातवाना असतो तेव्हा प्रत्येकाला अडवतो. कोणाकडे, कशाला, वहीत सही करा. अगरबत्तीवाले आणि वॉटर प्युरिफायरवाले निम्मे तिथूनच परत जातात. गुडघ्यातूनही दिवसभर असे किरकोळ निरोप निघत असतात आणि मेंदू त्यातले बरेच खालच्या खाली परत पाठवतो. रात्री त्या रखवालदाराचं जागरण झालं, की सकाळी तो खुर्चीत पेंगतो आणि सगळेच्या सगळे वर येऊन बेल वाजवतात. मास्तर लगेच म्हणाले, "म्हणजे झीज तेवढीच, गुण वेगळे." रखवालदारानं हे सगळं गेटवरून ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या पाहुण्यांनाही सही करायला लावली.

उलट बाजूही आहेच. गुडघा झोप मोडतो. दिवसा त्याच्याकडे बघायला वेळ नसतो. रात्री दिवे घालवले की खोलीत तो आणि आपण एवढेच उरतो. शिवाय सांधा फार वेळ एका जागी राहिला की आखडतो, आणि झोपणं म्हणजे तेच करणं. तरुणपणी माणूस झोपेतच कूस बदलतो. आता कूस बदलायची तर आधी पांघरूण सोडवायचं, एक गुडघा हातानं सरळ करायचा, पलंगाची कड पकडायची, शेजाऱ्याला "वळतेय हं" असं सांगायचं आणि मग "आई गं" म्हणून वळायचं. एवढं करून झाल्यावर झोप शिल्लक कुठून राहणार? आणि वळून झालं की लक्षात येतं, पंखा त्या बाजूलाच बरा लागत होता.

माईंचं दुखणं याहून वेगळ्या जातीचं. त्यांना ऱ्हुमॅटॉइड, ज्याला आपल्याकडे आमवात म्हणतात. यात शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच सांध्यांवर उठते. सूज चढवणारी इंटरल्युकिन-६सारखी द्रव्यं पहाटेकडे वाढतात, आणि सूज आवरणारं शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल मध्यरात्रीच्या सुमारास अगदी तळाला गेलेलं असतं. त्यामुळे पहाटे बोटं उघडतच नाहीत. आमच्यासारख्या झिजेच्या गुडघ्यांचा ताठरपणा बहुतेक अर्ध्या तासात सुटतो. माईंच्या बोटांना तास तास लागतो. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापायला अंगठा लागतो, गॅसचा लायटर दाबायला अंगठा लागतो, कुलपाच्या किल्लीला अंगठा लागतो. माई कट्ट्यावर सगळ्यात शेवटी येतात त्या यामुळे. त्यांच्या बाबतीत मी जागरणाची थट्टा करत नाही. दचकून जाग येण्याची करते.

आधी कोण, गुडघा की झोप? पूर्वी सगळा दोष वेदनेला द्यायची पद्धत होती: दुखतंय म्हणून झोप नाही, संपलं. २०१३ साली या विषयावरच्या अभ्यासांचा एक मोठा आढावा निघाला. त्यात असं दिसलं की वाईट झोपेवरून पुढच्या वेदनेचा अंदाज जितका बांधता येतो, तितका वेदनेवरून पुढच्या झोपेचा येत नाही. माझी आजी हे आढाव्याशिवाय सांगायची: जागरणानं वात चढतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, एकविसाव्या अध्यायात, रात्रीच्या जागरणानं रूक्षता वाढते असं सांगितलंय. त्याच अध्यायात वृद्धांना दिवसा झोपायची मुभाही आहे. आमच्या ह्यांनी चरकातला तेवढाच भाग उचलला.

वामकुक्षी म्हणजे जेवल्यावर डाव्या कुशीवर घटकाभर पडणं. घटका २४ मिनिटांची. आजचे झोपेचे डॉक्टरही दुपारची डुलकी वीस-तीस मिनिटांत आटपा म्हणतात, म्हणजे इथेही फार मतभेद नाही. यांची वामकुक्षी दीडला सुरू होते आणि पावणेपाचला चहाचा कप वाजला की संपते. त्या चहातलं कॅफीन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे रात्री पावणेदहालाही निम्मा चहा अंगात असतो. पण हे नऊलाच पडलेले असतात, कारण "लवकर निजे". तीनला जाग येते. मग उजाडेपर्यंत छताकडे बघत देशाची चिंता, आणि सव्वातीनला एकशे बारा जणांना "शुभ सकाळ" आणि कमळाचं फूल. एकदा मास्तरांनी यांची बेरीज जाहीरपणे केली. रात्रीचे सहा, दुपारचे सव्वातीन, पेपर तोंडावर घेऊन अर्धा. "पावणेदहा तास! पासष्टीनंतर सात-आठ पुरतात. अहो, माझा कॉलेजातला नातूसुद्धा इतका झोपतो तो फक्त रविवारी." हे म्हणाले, "दुपारी मी झोपत नाही. नुसता पडतो."

उपायांच्या बाबतीत कट्टा श्रीमंत आहे. महानारायण तेल, निर्गुडीचा शेक, जायफळ घातलेलं दूध, गरम पाण्याची पिशवी. यातलं बरंचसं निदान उबदार आहे, आणि झोपण्यापूर्वी ऊब मिळाली तर बरंच वाटतं. उशांचा मामला मात्र जपून. यांनी गुडघ्याखाली उशी घ्यायला सुरुवात केली, मग तिच्यावर दुसरी, मग टाचेला तिसरी. गुडघा अर्धा दुमडलेला ठेवला की आराम वाटतो हे खरं, पण फिजिओथेरपिस्ट बाईंनी रागावून सांगितलं, रात्रीमागून रात्री तसा ठेवलात तर तो सरळ व्हायचं विसरेल. कुशीवर झोपा आणि दोन गुडघ्यांच्या मध्ये एक उशी घ्या, बस. आता ती उशी घरातली सर्वात चांगली उशी असते आणि डोक्याला मी सोफ्याची घेते.

एका उपायाबद्दल मात्र मी कट्ट्यावर आवाज चढवते, तो म्हणजे एकमेकांच्या झोपेच्या गोळ्या. "माझी अर्धी घेऊन बघा, मला छान लागू पडली" असं म्हणत लोक पानाच्या डब्यासारखी पाकिटं पुढे करतात. उतारवयात या गोळ्यांची गुंगी सकाळीही उरते, रात्री उठताना तोल जातो, आणि गुडघा वाचवता वाचवता खुबा मोडतो. सूज उतरवायला काहींना स्टेरॉइडची गोळी असते. ती उशिरा घेतली तर झोप उडते, म्हणून सकाळी देतात. हे डॉक्टरांना विचारायचं असतं. कट्ट्यावरच्या गोळीला लागू पडण्याचा इतिहास असतो, पण पडण्याचा कोणी सांगत नाही.

मग मी वॉशिंग्टनचं प्रकरण काढलं. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात साठीपुढच्या, सांध्यांची झीज आणि निद्रानाश दोन्ही असलेल्या ३२७ लोकांवर झालेला हा प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. गोळी नाही, मशीन नाही, फक्त फोन. आठ आठवड्यांत सहा फोन, प्रत्येक वीस ते तीस मिनिटांचा. निम्म्यांना झोपेच्या सवयी कशा बदलायच्या हे शिकवलं, बाकीच्यांना नुसती माहिती दिली. शिकवलेल्यांची झोप सुधारली आणि वर्षभर सुधारलेली राहिली. थकवाही कमी झाला. दुखणं सुरुवातीला थोडं उतरलं, पण वर्षाअखेर तो फरक टिकला नाही. हे शेवटचं वाक्य सांगितल्यावर कट्टा नाराज झाला. माईच तेवढ्या म्हणाल्या, "दुखायचं ते दुखू दे गं. झोप झाली असली की दुखणं अंगावर येत नाही." मला वाटतं या सगळ्या संशोधनात माईंचं हे म्हणणं कोणी तरी नोंदवायला हवं होतं.

फोनचा प्रयोग आपणही करू असं ठरलं. फोन करायला माई तयार झाल्या, पण माईंची पहिली वीस मिनिटं "बाकी काय" यातच जातात आणि पुढची दहा त्यांच्या भाचीच्या घटस्फोटात. म्हणून नियम कागदावर लिहून वाटले. पहिला नियम: पलंग फक्त झोपण्यासाठी. हा नियम करणाऱ्यांनी वन बीएचके पाहिलेलं नसणार. आमच्या पलंगावर मटार सोलले जातात, कपड्यांच्या घड्या होतात, नातू अभ्यास करतो आणि हळदीकुंकवाला बायका बसतात. झोपायला तो सगळ्यात शेवटी मिळतो. दुसरा नियम: झोप येत नसेल तर तळमळत पडू नका, उठून दुसऱ्या खोलीत जा, पेंग आली की परत या. दुसऱ्या खोलीत मुलगा आणि सून झोपलेली. उरलं स्वयंपाकघर. तिथे रात्री दोन वाजता माणूस जातो तो डब्यांच्याच सोबतीला, आणि चिवडा आवाज न करता खाता येत नाही. तिसरा नियम: झोप कशीही लागो, उठायची वेळ रोज तीच. हा एक जमला, कारण पाणी सहालाच येतं. चौथा: रात्री घड्याळ बघायचं नाही. किती वाजले, आता किती तास उरले, ही आकडेमोड सुरू झाली की येणारी झोपही परत जाते.

चौथा नियम यांना फारच पटला. ऑडिटर माणूस, त्यांनी भिंतीवरचं घड्याळ उतरवून हॉलमध्ये लावलं, मोबाइल कपाटात ठेवला आणि नऊऐवजी चक्क साडेदहाला पडले. त्या रात्री गेल्या कित्येक दिवसांत लागली नव्हती अशी झोप मला लागली होती. मध्येच कोणी तरी माझा खांदा हलवला.

"अगं, किती वाजले?"

"बघायचं नाही ना?"

"मी नाहीच बघणार. तू बघ."

"कशाला पण?"

"मला कसं कळणार, मी किती वेळ जागा आहे ते?"

मी उठले. गुडघ्यानं जागच्या जागी दोनदा हाक मारली. कठडा, कपाट, भिंत असं धरत हॉलमध्ये गेले, दिवा लावला, सून जागी झाली, घड्याळ बघितलं, परत येऊन सांगितलं, दोन वाजून दहा मिनिटं. हे घोरत होते.

सकाळी कट्ट्यावर यांनी सगळ्यात आधी हात वर केला. "काल रात्रभर घड्याळाकडे पाहिलं नाही," म्हणाले, "आणि गुडघा बघा, एकदम हलका." मग सगळे माझ्याकडे वळले. मी तेव्हा गेटपासून पहिल्या बाकापर्यंत यायच्या प्रयत्नात होते.